व्यसन आणि अंमल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या संस्कृतच्या वर्गात मी चार वर्षे बसलो आहे. विद्यार्थ्याने शब्दाचा अर्थ सांगितला की ते मान हलवीत आणि "दुसरा अर्थ?" एवढेच विचारून स्वस्थ बसत. तो दुसरा अर्थ सापडेपर्यंत वर्गातील घड्याळाची टिकटिक आम्हांला ऐकू येई. पुढे मी वैद्यकाकडे वळलो, गुरुजींचे संस्कृत मागे राहिले. परंतु तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यांत चाळीस वर्षे काढल्यावर ज्या एका विषयावर आपल्यापुढे बोलावे असे मला तीव्रतेने वाटते, त्याचा विचार करू लागलो की तोच प्रश्न पुन्हा कानांवर येतो. आजचा माझा विषय व्यसन हा आहे, आणि या शब्दाचा पहिला अर्थ आपणां सर्वांना इतका पाठ आहे की दुसऱ्याची आठवणही उरलेली नाही.

'वि' हा उपसर्ग आणि फेकणे या अर्थाचा 'अस्' हा धातू यांपासून हा शब्द झाला; ज्याच्या योगाने मनुष्य आपल्या ठिकाणावरून दूर फेकला जातो ते व्यसन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठव्या अधिकरणाचे नावच व्यसनाधिकारिक असे आहे. तेथे मृगया, द्यूत, स्त्री आणि पान ही माणसाची व्यसने जशी सांगितली आहेत, तशीच आग, महापूर, रोगराई आणि दुष्काळ ही राज्यावर कोसळणारी अरिष्टेही त्याच अधिकरणात विचाराला घेतली आहेत. संस्कृत सुभाषितांत मित्राची परीक्षा व्यसनकाळी होते असे वारंवार येते, आणि तेथे व्यसन म्हणजे विपत्ती. एका शब्दात दोष आणि आपत्ती हे दोन्ही अर्थ अशा रीतीने शेजारी नांदत होते. मराठीत येताना त्यांपैकी आपत्ती गळून गेली आणि दोष तेवढा उरला. आज आपण एखाद्याला 'व्यसनी' म्हणतो तेव्हा त्याच्यावर काही कोसळले आहे असे आपल्या मनात येत नाही. त्याने काही केले आहे, एवढेच येते. माझे आजचे सारे सांगणे या गळालेल्या अर्थाविषयी आहे.

आपल्या जुन्या वैद्यांनी तो अर्थ सोडला नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययाला, म्हणजे मद्यातून उद्भवणाऱ्या विकारांना, एक संपूर्ण अध्याय दिला आहे. सुश्रुताने पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे त्याचे भेद केले आहेत. मद्यपान सोडलेल्या मनुष्याने एकाएकी पुन्हा अतिपान केले असता ध्वंसक आणि विक्षय नावाचे दोन निराळे विकार होतात, असेही चरकात आले आहे; म्हणजे माणूस सोडतो आणि पुन्हा धरतो ही गोष्ट त्या वैद्याला ठाऊक होती, आणि तिच्यावरही उपचार सांगणे हे आपले काम आहे असे तो मानीत होता. सूत्रस्थानात अंगवळणी पडलेले अहितकारक पदार्थ एकदम न तोडता चतुर्थांशाने उणे करीत जावे असा क्रम आहे. त्या काळी सर्व काही कळले होते असा दावा मी करीत नाही. आजचे निदान आणि आजची औषधे ही आजचीच आहेत. मला महत्त्वाची वाटते ती दृष्टी. पिणारा मनुष्य वैद्याच्या दारी आला, तर तो रोगी म्हणून आला आहे याविषयी चरकाला संदेह नव्हता.

मग हा मनुष्य वैद्याच्या दारातून निघून गेला कोठे? याचे उत्तर मला आपल्याच भाषेतील आणखी एका शब्दाने मिळाले. 'अंमल' हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. कमाविसदाराचा अंमल बसतो, हुकुमाची अंमलबजावणी होते, आणि दारूचाही अंमल चढतो. राज्यसत्ता आणि नशा या दोहोंसाठी ज्या भाषेने एकच शब्द वापरला, त्या भाषेच्या प्रदेशात या दोघांचा संबंध किती जवळचा असेल हे आबकारीच्या दफ्तरात पाहावयास मिळते. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत ताडीमाडी काढणे आणि मोहाची दारू गाळणे हा भंडारी, आगरी आणि आदिवासी लोकांच्या जगण्याचाच भाग होता. इंग्रजी अंमलात १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला, गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला, ताडामाडाच्या झाडांवरील पट्टी चढत गेली. आणि १८९२ साली तर मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा करण्यात आला. आपल्या रानात गळून पडलेले फूल वेचून घरात ठेवणे हा ज्याचा अपराध ठरला, तोच मनुष्य मक्तेदाराच्या दुकानात पैसे टाकून प्याला तर मात्र तो सरकारच्या महसुलात भर घालणारा रयत ठरत होता. या व्यवस्थेविरुद्ध बोलणाऱ्यांत महात्मा फुले होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० साली, त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविषयी पालिकेच्या अधिकाऱ्यांना लेखी विचारणा केली होती. लोकांच्या आरोग्यासाठी पालिका पैसा खर्च करणार आणि त्याच लोकांचे आरोग्य बुडविणारी दुकानेही तिच्याच हद्दीत वाढत जाणार, ही विसंगती त्यांना तेव्हा दिसली. तिचे समाधानकारक उत्तर आजही कोणत्या पालिकेजवळ आहे, असे मला वाटत नाही.

जाता जाता अफूविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण मुंबईच्या भरभराटीत माळव्याच्या अफूचा वाटा केवढा होता हे आपण सहसा उच्चारीत नाही. चीनकडे जाणाऱ्या पेट्यांचा नफा पेढ्यांवर जमा होत होता. आणि त्याच शहरात, गिरणीत दहादहा तास उभ्या राहणाऱ्या आया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' चारून, ती रडू नयेत, निजून राहावीत, एवढ्यासाठी खोलीत ठेवून जात होत्या. त्या आईला व्यसनी म्हणावे की तिच्या बाळाला? येथे पहिला अर्थ लागूच पडत नाही.

पुढचा इतिहास आपल्याला परिचित आहे. १९०८ साली पुण्यात स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले आणि लोकमान्यांनी त्या चळवळीला बळ दिले. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांनी गावोगाव दारूविरुद्ध जागृती केली. १९३९ च्या ऑगस्टमध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली, १९४९ साली मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि १९५० पासून साऱ्या राज्यात दारूबंदी लागू झाली. या सर्व प्रयत्नांविषयी माझ्या मनात आदर आहे. ज्या घरातून रोज मार खाल्लेली स्त्री माझ्याकडे टाके घालून घ्यायला येत होती, त्या घराजवळचे दुकान बंद झाले तर तिचे अंग सुजणे कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ज्या स्त्रिया गावच्या मतदानात 'आडव्या बाटली'साठी, म्हणजे दुकान बंद करण्यासाठी, रांग लावून उभ्या राहतात त्यांचे म्हणणे कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालाइतकेच वजनदार मानले पाहिजे. परंतु मक्ता द्या किंवा मक्ता मोडा, परवाना काढा किंवा दुकानाला टाळे ठोका, या दोन्ही पक्षांच्या दफ्तरांत पिणाऱ्या माणसाच्या नावापुढे रकाना एकच असे: एकाने त्याला गिऱ्हाईक म्हणून लिहिले, दुसऱ्याने आरोपी म्हणून. दुकान बंद झाल्याच्या तिसऱ्या रात्री त्याच्या शरीरात काय होते, हे दोघांनीही विचारले नाही. आणि ज्यांनी ते विचारले नाही त्यांत मीही आहे.

माझ्या नोकरीचे ते दुसरे वर्ष होते. एका सोमवारी दुपारी बैलगाडीवरून पडून मांडीचे हाड मोडलेला, चाळिशीच्या आतबाहेरचा एक शेतकरी आमच्या दवाखान्यात दाखल झाला. पाय ताणून बांधला, वेदनेची सुई दिली, ताप नव्हता. मंगळवारी त्याला घाम फुटू लागला आणि हात कापू लागले. वेदनेमुळे असेल, असे मी म्हटले. बुधवारी रात्री तो चादरीचे धागे ओढू लागला, भिंतीवरून मुंग्या येताहेत म्हणून ओरडू लागला, मेलेल्या बैलाला नावाने हाका मारू लागला. परिचारक म्हणाला, "दारुडा आहे साहेब, सोंग करतोय." मला ते पटले. त्याचे दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेला बांधण्याचा हुकूम मी दिला. त्याची बायको माझ्या पायाशी येऊन बसली आणि म्हणाली, "डाक्टरसाहेब, सोमवारपासनं त्यांच्या पोटात थेंब न्हाई. घोटभर तरी द्या, न्हाईतर हातचं जातील." दवाखान्यात असली भाषा काढतेस, लाज नाही वाटत, असे मी तिला म्हणालो. पहाटे तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर अपघाताचा धक्का असे कारण मी माझ्या अक्षरात लिहिले.

पुढे कित्येक महिन्यांनी, दुसऱ्याच एका रोग्याच्या निमित्ताने पुस्तक उघडले, तेव्हा त्या बुधवारच्या रात्रीचे वर्णन मला छापील पानावर ओळीन् ओळ वाचायला मिळाले. थॉमस सटन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८१३ सालीच त्या अवस्थेला नाव दिले होते. मद्य हे मेंदूला मंद करणारे द्रव्य आहे. वर्षानुवर्षे ते रोज पोटात जात राहिले म्हणजे मेंदू आपले काम चालू ठेवण्यासाठी आपली चेतना वाढवून घेतो, आणि वरचा भार एकाएकी निघाला की दाबून धरलेली कमान सुटावी तशी ती चेतना उसळते. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दिवसाच्या आतच हात कापतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास, घाम आणि ज्वर यांचे ते तुफान उठते. योग्य औषध मिळाले नाही तर त्यात माणूस दगावतो. बेंझोडायझेपिन वर्गातील औषध भरपूर मात्रेने सुरू करून दिवसेंदिवस उणे करीत न्यायचे, आणि ब-१ जीवनसत्त्व शिरेतून द्यायचे, तेही ग्लुकोजची बाटली लावण्याच्या आधी. कारण ते राहून गेले तर स्मृती कायमची पुसली जाण्याची भीती असते. इतका हा उपचार साधा आहे. दाखल झाल्याचा दिवस, शेवटच्या घोटाची वेळ आणि पुढचा धोका, हे सारे निदान त्या रात्री त्या बाईजवळ तयार होते. आमच्याजवळ फक्त पहिला अर्थ होता.

हा प्रकार एका दवाखान्याचा किंवा एका तरुण डॉक्टराचा नाही. "उद्यापासून बंद" अशी शपथ देवळात घालून, पिणाऱ्याला चार दिवस खोलीत कोंडणारी घरे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. पोलिसांच्या कोठडीत तिसऱ्या रात्री थरथरणारा आरोपी सोंग करतो असे समजणारे शिपाई आजही आहेत. मला येथे 'एकच प्याला'ची आठवण होते. राम गणेश गडकरी गेल्यानंतर, १९१९ साली, ते नाटक रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून महाराष्ट्र त्यातील पिणाऱ्या सुधाकराच्या बायकोसाठी, सिंधूसाठी, रडत आला आहे. ते रडणे योग्यच आहे. परंतु मी ते नाटक वैद्याच्या नजरेने पाहू लागलो तेव्हापासून मला सुधाकराच्या शपथेनंतरचा काळ बोचतो. हुशार वकील, सनद स्थगित झाल्याच्या अपमानातून पेला हाती घेतो, सोडतो, आणि जगाने पुन्हा हिणवले की पुन्हा धरतो. त्याचा पिण्यातला सोबती तळीराम याच्या खाटेशी वैद्य आणि डॉक्टर दोघेही येतात, पण ते विनोदासाठी. सुधाकराच्या शपथेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यावर उपचार करायला कोण होते? नाटकात कोणी नाही, आणि नाटकाबाहेरही तेव्हा कोणी नव्हते.

पुण्यात तसे कोणी तरी उभे राहिले ते १९८६ साली. त्या सुमारास मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत 'गर्द' आला होता, म्हणजे कमअस्सल हेरॉइन. चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. ज्यांची मिसरूडेही फुटली नव्हती ती पोरे 'गर्दुल्ले' झाली. ते मिळाले नाही म्हणजे जी अंगदुखी, ओकाऱ्या, जुलाब आणि तळमळ सुटते तिला ती पोरे 'टर्की' म्हणत. लेखक अनिल अवचटांनी त्यांच्यात बसून ते जग लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला आणि त्याच रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. त्या केंद्राची जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते ती औषधांची नाही. तेथे बरा झालेला मनुष्य तेथेच थांबून नव्याने आलेल्याची सेवा करतो, आणि पिण्यापासून दूर राहिलेल्याचा वाढदिवस साजरा होतो. अमेरिकेत ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन गावी १९३५ साली एक दलाल आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची चळवळ निघाली. तिचाही गाभा हाच आहे. जन्मभराची शपथ त्या सभेत कोणी घेत नाही. आजचा दिवस पीत नाही, एवढेच म्हणतो. शपथेने मोडलेले कित्येक संसार पाहिलेल्या मला या 'आजच्या' शब्दाचे मोल फार वाटते.

औषधांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांच्याविषयीचे अज्ञान जीवघेणे आहे. डायसल्फिराम हे औषध १९४० नंतरच्या दशकात कोपनहेगन येथे दोन संशोधक जंतावरचा उपाय म्हणून तपासत होते. त्यांनी ते स्वतःवर घेऊन पाहिले आणि नंतर थोडे मद्य घेताच त्यांचा चेहरा लाल झाला, छाती धडधडू लागली. त्यातून एक उपचार निघाला: जो रोगी जाणूनबुजून ही गोळी घेतो, त्याच्या निश्चयाला ती पहारेकरी होते. पण 'रोग्याच्या नकळत भाजीत मिसळा' अशा जाहिरातींच्या पुड्यांत जर असे काही असेल, आणि बिचाऱ्या बायकोने ते जेवणात घातले व नवरा बाहेरून पिऊन आला, तर ती आपल्याच हाताने त्याचा जीव धोक्यात घालीत असते. माझ्याकडे अशी माणसे रात्री उचलून आणलेली आहेत. पिण्याची ओढ उणी करणारी नॅल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत. गर्दासारख्या अफूवर्गीय व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दीर्घकाळ देतात, आणि तेव्हा "एक नशा सोडवून दुसरी लावली" असा आक्षेप नातेवाईक घेतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. गर्दाची टर्की सहसा मारीत नाही; मारतो तो नंतरचा एक दिवस. शरीराची सवय उतरलेली असते, आणि मुलगा जुन्याच मात्रेने एकदाच ओढतो. तो दिवस येऊ नये म्हणून ही औषधे. आणि घसरण झाली तर? मधुमेही माणसाची साखर पुन्हा चढली म्हणून आपण त्याला दवाखान्यातून हाकलीत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असे त्यात म्हटले आहे. या आकड्यांपेक्षा मला एक लहान आकडा झोप येऊ देत नाही. मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ माणसांत एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळत होता, असे त्या पाहणीत आढळले. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळण्याचे भाग्य १८० मध्ये एकाचे. आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात स्वतःहून उपचारासाठी येणाऱ्या व्यसनाधीन माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे, ही गोष्ट मी ज्या ज्या पालकांना सांगितली त्यांतील एकालाही ती आधी ठाऊक नव्हती. विक्रोळीत २००४ साली आणि मालाडच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने माणसे मेली, मालवणीत तर शंभराहून अधिक. तेव्हा पंचनामे झाले, मुद्देमाल जप्त झाला, चौकशा झाल्या, आणि ते सर्व व्हायलाच हवे होते. असल्या दारूतील मिथेनॉलने डोळे जातात, आणि डोळ्यांपुढे धुके आल्याबरोबर रोगी दवाखान्यात पोचला तर त्यावर उतारा आहे. पण गुन्ह्याच्या भीतीने आणि लाजेने माणूस घरीच पडून राहतो, आणि तेवढ्यात ती वेळ निघून जाते.

चालकांनी मला विचारले होते की व्याख्यानाच्या शेवटी श्रोत्यांसाठी काही आवाहन करणार काय. माझी एक दरखास्त आहे, आणि ती आपल्यापैकी जे नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत किंवा एखाद्या धर्मादाय दवाखान्याच्या मंडळावर असतील त्यांच्यापुढे मी ठेवतो. निवृत्त होण्याआधी काही वर्षे आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मी एक रबरी शिक्का करून घेतला होता. नाव, वय, गाव, तक्रार यांच्या खाली तो केसपेपरवर उठवायचा. मग रोगी हाड मोडून आलेला असो, ताप घेऊन असो की बाळंतीण असो. शिक्क्यावर एकच ओळ होती: 'शेवटची दारू किंवा नशा : दिनांक, वेळ.' प्रथम परिचारिका हसल्या, मग त्यांना सवय झाली. पहिल्याच महिन्यात अस्थिरोगाच्या खाटेवरच्या एका माणसाच्या कागदावर 'काल रात्री ९' असे लिहिलेले मला दिसले, आणि त्याचे हात कापू लागण्याआधी त्याचे औषध सुरू झाले. तो शिक्का अजून तेथे आहे. गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा त्याची शाई सुकत आली होती, म्हणून एक नवी शाईपेटी देऊन आलो.